नेमण्णा चौगुले मुलाखतीला जातात

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकाच माणसाची मुलाखत घेतली, पण ती पुष्कळ वेळा घेतली. तो माणूस म्हणजे अनगोळातले आमचे शेजारी नेमण्णा चौगुले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. एवढ्या एका पात्रतेवर त्यांनी मला कधी बँकेचा चेअरमन केलं, कधी संस्थानिक, तर एकदा गोरा कलेक्टर. शाळेतून आलो की कुंपणावरून हाक यायची, "मास्तर, च्या घ्यायच्या आधी जरा साहेब व्हता का?"

मग मी त्यांच्या पडवीतल्या हाताच्या एकुलत्या एक खुर्चीत बसायचो. ते अंगणात जायचे, दाराशी खाकरायचे आणि "मे आय कम इन, सर?" म्हणत आत यायचे. समोरच्या स्टुलावर बसण्याआधी ते स्टूल दोन्ही हातांनी हलवून बघायचे. मी एकदा म्हटलं, "नेमण्णा, खऱ्या साहेबापुढं असं करू नका. बरं दिसत नाही."

"बरं दिसंना. डुगडुगत्या खुर्चीत बसलेला माणूस सगळ्याला व्हय म्हणतो, मास्तर. त्याचं ध्यान पडायच्या भीतीत आसतं. आणि तुम्ही डोळं वटारा जरा. असा मायेनं बघणारा साहेब मी अजून बघितला न्हाय."

मूळचे ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. उंच, हडकुळे, पन्नाशीला टेकलेले. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायच्या, पुष्कळदा एकाच वाक्यात. घराण्यातले पहिले बी. ए. तेच. बेळगावात सरकीच्या तेलाच्या एका गिरणीत कारकून म्हणून चिकटले आणि चढत चढत असिस्टंट मॅनेजर झाले. मॅनेजर म्हातारे आणि दमेकरी होते, त्यामुळे गिरणी खरं म्हणजे नेमण्णाच चालवत. लढाई सुरू झाली आणि गिरणी विकली गेली. नवे मालक आले. थोड्याच दिवसांत नेमण्णा भर दुपारी घरी दिसू लागले.

"राजीनामा दिला," असं त्यांनी अनगोळभर सांगितलं. "नव्या मालकांचं आणि माझं जमणार न्हवतं." नेमण्णांनी राजीनामा दिला म्हणजे तसंच काही कारण असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

धान्य गावच्या शेतातून यायचं, त्यामुळे चूल अडली नाही. अडला तो माणूस. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते सवयीनं कोट चढवून बाहेर यायचे, पायरीवर थांबायचे, आणि मग तसेच वळून फुलझाडांना पाणी घालायला लागायचे. काळ्या अल्पाकाचा कोट घालून जास्वंदीला पाणी घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

असिस्टंट म्हणून त्यांना कुठंही घेतलं असतं. पण त्यांचं ठरलं होतं. "दुसऱ्याच्या नावानं कारभार लई केला, मास्तर. आता केला तर आपल्या नावानं." म्हणून ते फक्त मॅनेजर, कारभारी, व्यवस्थापक अशाच जागांना अर्ज करायचे, आणि बोलावणं आलं की मला साहेब व्हावं लागायचं.

त्यांच्या उत्तरांत एक खोड होती. काहीही विचारलं की ते म्हणायचे, "याला कारणं तीन." पहिलं कारण झकास असायचं. दुसरं बरं असायचं. तिसऱ्याला ते बोट वर करायचे आणि ते बोट तसंच राहायचं. गिरणीतल्या लोकांना त्यांनी या तीन कारणांवर वर्षानुवर्षं चालवलं होतं. तिथं तिसरं कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. मुलाखतीत मात्र समोरचा थांबायचा, बोटाकडे बघत.

आमच्या या तालमीला एक श्रोता असायचा, आत स्वयंपाकघरात. नेमण्णांच्या पत्नी पद्मक्का. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी शून्य. पण उत्तर संपलं की आतून निकाल यायचा.

"ह्ये लई लांब झालं."

"तुला कळलं काय त्यातलं?"

"कळंना का. कढी उतू गेली तरी तुमचं चालूच."

एक प्रश्न मी नेहमी विचारायचो, कारण तो सगळीकडे विचारतात: मागची नोकरी का सोडली? त्यावर नेमण्णांनी फार सुंदर इंग्रजी उत्तर बसवलं होतं. आपल्या अनुभवाला अधिक विस्तृत क्षेत्र लाभावं, अशी इच्छा त्यात होती, आणि ती चांगली चार वाक्यं चालायची. मी मान डोलवायचो. पद्मक्का या उत्तरावर मात्र कधी काही बोलल्या नाहीत. आतली भांडी तेवढी जरा जास्त वाजायची.

पहिलं खरं बोलावणं आलं ते निपाणीच्या एका सहकारी बँकेचं. सगळे डायरेक्टर तंबाखूचे व्यापारी, म्हणून मुलाखत एका वखारीच्या माडीवर ठेवलेली. खाली तंबाखूच्या थप्प्या, वर गादी-तक्के. निपाणीकडच्या माणसाला तंबाखूचं काय वाटायचं, पण नेमण्णांनी इतकी वर्षं बेळगावात काढलेली. जिना चढेपर्यंत त्यांना शिंका सुरू झाल्या. हलवून बघायला खुर्चीही नव्हती, मांडी घालूनच बसायचं होतं.

"याला कारणं तीन," म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्या कारणाआधीच शिंकले. एका डायरेक्टरांनी कानडीत दुसऱ्यांना सांगितलं की शुभ आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, एक शिंक अशुभ, दोन शुभ. तोवर दुसरी आली. मग डायरेक्टरांचा आपसात वाद लागला आणि नेमण्णा रुमालानं डोळे पुसत ऐकत राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या शेटजींनी विचारलं, "ते राहू दे. आई कुठली तुमची?" आईचं माहेर कळलं, मामांचं नाव निघालं, मामांचा बैल एका डायरेक्टरांनी पूर्वी विकत घेतला होता तो चांगला निघाला की वाईट यावर चर्चा झाली, आणि मुलाखत संपली.

खरी गंमत त्याआधी झाली होती. खाली बाकावर त्यांच्याशेजारी बसगोंडा नावाचा एक तरुण उमेदवार बसलेला. बी. कॉम. झालेला, पण तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ म्हणत होता. नेमण्णांनी चौकशी केली तेव्हा त्यानं कबूल केलं, "चेअरमन माझे मामा. जागा मलाच द्यायची ठरलंय. पण मला बोलताच येत न्हाय हो त्या सगळ्यांसमोर."

मी असतो तर तिथूनच उठून मोटारस्टँड गाठला असता. नेमण्णांनी कोट सारखा केला आणि त्या पोराची तिथंच तालीम घेतली. स्वतः चेअरमन झाले. डोळे वटारले. सगळे प्रश्न विचारून घेतले. वर जाताना त्याला पाणी पाजलं.

घरी आल्यावर हे ऐकून मी म्हणालो, "अहो, तुमची जागा त्याला गेली, आणि तुम्ही त्यालाच शिकवलंत?"

"जागा त्याचीच होती. निदान त्यानं ती नीट बोलून तरी घ्यावी की," नेमण्णा म्हणाले. "आणि बाकावर बसलेला माणूस आपल्यासारखाच आसतो. त्याच्याशी काय वैर?"

ही त्यांची रीतच पडली. ते जिथं जात तिथून नोकरी आणत नसत, पण बाकावरची ओळख आणत. कुठल्या कुठल्या जागेला त्यांच्याबरोबर नापास झालेले उमेदवार बेळगावात आले की अनगोळला येऊन जेवून जात. पद्मक्का त्यांना "आमच्या ह्यांचे वर्गबंधू" म्हणायच्या.

मग आलं एका लहानशा संस्थानचं बोलावणं. कारभाऱ्याची जागा. बंगला, घोडागाडी, दारात पट्टेवाला. अनगोळात ही बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना आगाऊच "कारभारीसाहेब" म्हणू लागले. नेमण्णांची थोरली मुलगी लग्नाची होती. कारभाऱ्याची मुलगी म्हटल्यावर स्थळं कशी येतील, याचा हिशेब शेजारपाजारच्या बायकांनी पद्मक्कांना समजावून दिला. आम्ही त्या आठवड्यात रोज तालीम केली. डोक्याला जरीकाठी रुमाल बांधायला नेमण्णांना अर्धी सकाळ लागायची आणि एकदा बांधला की मान वळवायला नको म्हणून ते अख्खे वळायचे.

संस्थानात गेल्यावर कळलं की राजेसाहेब मुलाखत जेवणाच्या टेबलावर घेतात. चार उमेदवार, इंग्रजी पद्धतीचं टेबल, काटे-चमचे, आणि वेळ रात्री आठची. नेमण्णा सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. या नेमात त्यांनी कधी खाडा केलेला नव्हता. त्यांनी दिवस मावळायच्या आत पाहुण्यांच्या बंगल्यावर केळी आणि दूध घेतलं, आणि आठला जाऊन रिकाम्या ताटापुढं बसले. त्याआधी खुर्ची हलवून बघितलीच. ती पक्की होती.

बाकीचे तिघे काट्या-चमच्यांशी झगडत होते. राजेसाहेबांचं लक्ष या रिकाम्या ताटाकडे गेलं.

"काय चौगुले, आमचं अन्न चालत नाही वाटतं?"

"चालतं की, सरकार. पण सूर्य थांबला न्हाय."

राजेसाहेब मोठ्यानं हसले. त्यांना हा माणूस आवडला. तोंड मोकळं असलेले नेमण्णा एकटेच, त्यामुळे सगळी बोलणी त्यांच्याशीच झाली. शेतसारा, पाटबंधारे, शाळा, सगळं. त्या दिवशी म्हणे तिसरं कारणसुद्धा दोनदा आठवलं.

तीन दिवसांनी तार आली. निवड झाली, रुजू व्हा.

मी पेढे घेऊन गेलो. पद्मक्कांनी देवापुढं दिवा लावलेला. नेमण्णा मात्र तार मांडीवर ठेवून तिच्या घड्या घालत बसले होते. मी पुडा पुढं केला तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आम्ही चौघं जेवायला बसलो, तवा राजेसाहेबांच्या पाठीमागं एक म्हातारा उभा होता. पांढऱ्या मिशा, अंगात चांगला कोट. मला वाटलं, वाढपी असंल. राजेसाहेब मागं न बघताच हात लांब करायचे, आणि तो त्यात रुमाल द्यायचा. एकदा जरा उशीर झाला, तर त्याला 'ए' म्हणाले. सगळ्यांसमोर. शेवटी निघताना मी विचारलं, हे कोण. तर आताचे कारभारी. पुढल्या महिन्यात निवृत्त व्हणार."

मी पुडा खाली ठेवला.

"ज्या जागेसाठी आम्ही बसलो होतो, मास्तर, ती जागा तिथं उभी होती."

"पण म्हणून इतकी मोठी जागा सोडणार?"

"त्येच कळंना झालंय. पोरीचं लग्न हाय. वय झालंय. परत कोण बोलावणार?"

तारेला उत्तर न देता चार-पाच दिवस गेले. याच सुमारास निपाणीचा तो बसगोंडा, आता बँकेचा मॅनेजर, मोटारीनं अनगोळला आला. बरोबर एक निरोप होता. वडगावच्या विणकरांनी आपली सोसायटी काढली होती. लढाईमुळे सुताची टंचाई, सरकार ठरवून देईल तेवढंच सूत मिळणार, आणि ते घराघरांत वाटायचं काम सोसायटीचं. पहिला व्यवस्थापक पळून गेल्यासारखा निघून गेला होता. बसगोंडाच्या बँकेचं त्या लोकांशी जाणंयेणं होतं. "त्यांनी मला विचारलं, कुणी भला माणूस हाय का," तो म्हणाला. "मी म्हटलं, एक हाय. पगार बेताचा. बंगला न्हाय. पट्टेवाला न्हाय. अण्णा, एकदा जाऊन तर या."

वडगाव आमच्यापासून पायी जाण्याजोगं. नेमण्णा म्हणाले, "मास्तर, चला सोबतीला." त्या दिवशी तालीम झाली नाही.

मुलाखत एका विणकराच्या घरात होती. दारातून आत गेलं की जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला माग. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, तसला. आम्ही गेलो तेव्हा भिंतीला टेकून पंच बसलेले आणि उंबऱ्याशी बायका. त्यांतली एक म्हातारी, तिप्पव्वा, त्या घरची मालकीण. तिनं मागाकडे बोट दाखवून कानडीत "या, बसा" म्हटलं, "बर्री, कुंदर्री." बसायला दुसरं काही नव्हतंच. बी. ए. झालेले, जरीकाठी रुमाल बांधलेले नेमण्णा मागाच्या काठावर पाय खड्ड्यात सोडून बसले. सवयीनं फळी दाबून बघितली. मी दाराजवळ उभा राहिलो.

एका पंचानं विचारलं, "हितं सूत कधीच पुरं येत न्हाय. कमी आलं, तर आधी कुणाला देणार?"

मी वाट बघत होतो की आता कारणं तीन येणार. नेमण्णांनी बोट वर केलं, आणि मग खाली घेतलं.

"ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "महिनाभर घरं हिंडून बघितल्याबिगार सांगता यायचं न्हाय. आता सांगितलं तर ती थाप व्हईल."

पंच एकमेकांकडे बघू लागले. मग तिप्पव्वानं विचारलं, "आधीची नोकरी का सोडली म्हणायची?"

आमचं ते चार वाक्यांचं उत्तर मला पाठ होतं. मी मनात म्हणायलाही लागलो होतो. नेमण्णा खड्ड्यातल्या आपल्या पायांकडे बघत राहिले. मग डोकं वर करून म्हणाले, "सोडली न्हाय. काढलं मला."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"मालकांना गिरणी रात्रीची पण चालवायची होती. मी सांगितलं, इंजिन जुनं हाय, झेपणार न्हाय, फुटंल. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सगळ्या लोकांसमोर मी मोठ्यानं बोललो. ते म्हणाले, उद्यापासून येऊ नका."

"मग? फुटलं इंजिन?" तिप्पव्वानं विचारलं.

"न्हाय. चाललं. अजून चालतंय. चूक माझी होती."

मग उंबऱ्यावरची एक बाई हसली, तिच्या मागोमाग दुसरी, आणि हसू भिंतीकडेच्या पंचांपर्यंत गेलं. नेमण्णा गोंधळले आणि मग तेही हसायला लागले. इतके हसले की रुमाल कपाळावर घसरला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आता मी विचारू? आधीचा व्यवस्थापक का गेला?"

पंचांतला एक छताकडे बघू लागला. तिप्पव्वानंच तोंड उघडलं. "तो आपल्या ओळखीच्यांना आधी सूत द्यायचा. आम्ही बोललो न्हाय, कारण आम्ही ओळखीचे होतो. मागच्या गल्लीतल्यांनी एक दिवस त्याला घेरला, आणि तो गेला. त्यांच्या घरचे माग तवा बंद पडले होते. आमचे चालूच होते."

परतताना अनगोळची वेस आली तेव्हा नेमण्णा म्हणाले, "म्हातारी खरं बोलली." मी म्हणालो, "तुम्हीही." त्यावर ते थांबले, अख्खे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, आता अनगोळातपण सांगावं लागणार सगळ्यांना. आधी कुणाला सांगू?"

आधी पद्मक्कांना सांगितलं, म्हणजे वडगावात काय झालं ते; गिरणीचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नेमण्णा म्हणाले, "संस्थानात मोठेपण हाय. पोरीला स्थळ बरं मिळंल."

"मिळंल की," पद्मक्का म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज तिथं गप उभं राहणार, आणि घरी येऊन माझ्यावर ओरडणार. पोरीचं बघू आपण. तुम्ही वडगावला जावा."

संस्थानला नम्र नकाराची तार गेली. न्हाव्यानं आणखी काही दिवस "कारभारीसाहेब" म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. पोरीला पुढं स्थळ मिळालं ते नेमण्णांच्या एका वर्गबंधूच्या घरातलं, कुठल्याशा म्युनिसिपालटीच्या जागेला दोघे मिळून नापास झाले होते त्याचं.

वडगावात त्यांनी खरोखर महिनाभर घरं हिंडली. मग सूत वाटायला सुरुवात केली ती देवळाच्या आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भांडणं व्हायचीच. "चुकलं आसंल तर हितंच बोला, घरी जाऊन नको," असं म्हणत ते मधोमध बसायचे. चुकायचेही. पुढच्या खेपेला दुरुस्त करायचे. मागल्या गल्लीतले माग हळूहळू पुन्हा वाजू लागले.

एकदा त्यांना हाताखाली कारकून नेमायचा होता म्हणून मी मुद्दाम बघायला गेलो. वाटलं, आता हा माणूस स्वतः साहेब होऊन डोळे वटारणार. उमेदवार आत आला, नेमण्णांनी त्याला बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि "आलो हं," म्हणून बाहेर निघून गेले. माझ्याशी बाहेर गप्पा मारत उभे राहिले. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "श्वास घेऊ दे की त्याला. मला कुणी घेऊ दिला न्हवता."

पुढं माझी बदली झाली आणि अनगोळ सुटलं. त्यांची शेवटची भेट झाली ती भेट म्हणता येईल की नाही कोण जाणे. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मी लोंढ्याहून आगगाडीनं बेळगावला येत होतो. सकाळची वेळ. गाडी गुंजीला थांबली. खिडकीतून पाहिलं तर फलाटावर बांबूंचा ढीग, आणि मालाच्या डब्यापाशी गलका. मागाच्या सामानासाठी त्या रानातला बांबू नेत असणार. दोन-तीन विणकर, आणि त्यांच्यात एक उंच, हडकुळा माणूस, बोडका, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, बांबूच्या मोळीचं एक टोक खांद्यावर. स्टेशनमास्तर काहीतरी सांगत होते. तो माणूस मोळी खाली न ठेवताच एक एक बोट उघडून त्यांना समजावत होता.

मी हाक मारली, "नेमण्णा."

त्यांनी मोळीसकट वळून पाहिलं. मागच्या विणकराला त्यामुळे चार पावलं पळावं लागलं. मला ओळखल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की मला उतरून जावंसं वाटलं. पण गाडीनं शिट्टी दिली होती.

"मास्तर, पद्मा विचारत आसते तुम्हाला," ते ओरडून म्हणाले. "जेवायला या. उजेडात या."

गाडी हलली. माझ्यासमोर एक वकील बसले होते, चष्मेवाले, हातात वर्तमानपत्र. त्यांनी विचारलं, "ओळखीचे वाटतं?"

"हो. आमचे शेजारी."

"काय करतात?"

"मॅनेजर आहेत," मी म्हणालो.

वकिलांनी खिडकीतून मागं पाहिलं. मोळी डब्यात चढली होती आणि नेमण्णा धोतराच्या सोग्यानं मान पुसत दुसरी उचलायला वाकले होते. मग वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्र उघडलं, आणि बेळगाव येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.